कायमचा पत्ता

संपादकांनी पत्रात ‘नोकरीतल्या गमतीजमती’ मागितल्या आहेत. पिंपरीच्या कारखान्यात दिघे नावाचा कारकून परदेशी साहेबांचे व्हिसे सांभाळायचा, त्याच्याकडे किस्से असतील, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं दिसतं. किस्से आहेत. पण मी गमती सांगायला बसलो की चार गमतींनंतर एक कागद आपोआप वर येतो, आणि तो गमतीचा नसतो. इतकी वर्षं मी तो खाली दाबत आलो. आता सत्तरी उलटली. तेव्हा तोच सांगतो, आणि एखादी गंमत तोंडी लावायला देतो.

आधी काम सांगायला हवं. स्वातंत्र्यानंतर पाच-सात वर्षांनी पिंपरीच्या माळावर कारखाने उभे राहायला लागले. यंत्रं परदेशातून यायची आणि ती बसवायला, चालवून दाखवायला माणसंही तिकडूनच यायची. माणूस आला की त्याचा पासपोर्ट, पासपोर्टावरचा व्हिसा, व्हिशाची मुदत, पुण्याच्या पोलीस कचेरीत नाव-नोंदणी, राहण्याचा परवाना, परवान्याची मुदतवाढ, बँकेतलं खातं, पगारातला भाग मायदेशी पाठवायची परवानगी, असं एकेक सुरू व्हायचं. यंत्र बसवायला साहेबाला तीन महिने लागायचे आणि साहेबाला कागदावर बसवायला मला चार. प्रत्येक अर्ज तीन प्रतींत. मधे कार्बन घालून लेखणीला असा जोर द्यायचा, की तिसऱ्या प्रतीवरही अक्षर उठलं पाहिजे. माझं उठायचं. पुण्याच्या कचेरीतले हेडक्लार्क माझा अर्ज उजेडाकडे धरून इतरांना दाखवायचे. मला त्याचा फार अभिमान होता. तो इथं मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढं त्यानंच घात केला.

पहिला साहेब डेन्मार्कचा, येन्सन नावाचा. साडेसहा फूट उंच, सदा घामाघूम, स्वभावानं गाय. बँकेत त्याची सही दोनदा सारखी येईना. बँकेचे एजंट, म्हणजे तेव्हाचे मॅनेजर, म्हणाले, ‘‘हा माणूस तोच आहे कशावरून?’’ मी म्हटलं, ‘‘साहेब, पिंपरीत एवढ्या उंचीचा दुसरा दाखवा, मी खातं बंद करतो.’’ खातं चालू राहिलं.

ह्या येन्सननं अर्जातल्या एका रकान्यावर माझ्याशी वाद घातला होता. रकाना होता ‘कायमचा पत्ता’. तो म्हणाला, पिंपरीचा बंगला नंबर सहा लिही, मी आता तिथंच राहतो. मी हसलो. म्हटलं, साहेब, तो हल्लीचा पत्ता. कायमचा म्हणजे मूळ गाव, जिथं तुमच्या वाडवडिलांचं घर आहे ते. त्यानं खांदे उडवले आणि डेन्मार्कातल्या कुठल्याशा गावाचं नाव सांगितलं. मी ते सुरेख अक्षरात तीन प्रतींत लिहिलं. ते बरोबरच होतं, कारण करार संपल्यावर तो तिथंच परत गेला.

आता आपल्याकडे हा रकाना कसा भरतात हे वाचकांना सांगायला नको. मुंबईत दोन पिढ्या काढलेला माणूसही कायमचा पत्ता विचारला की मुक्काम पोस्ट अमुक, तालुका तमुक सांगतो. तिथं त्याची एक पडकी भिंत नसते, तरी सांगतो. माझंच पाहा. आमचं गाव मी लहान असताना धरणात गेलं. घर गेलं, देऊळ गेलं, वेशीतली चिंच गेली. तरी कारखान्याच्या नोकरीच्या कागदात माझा कायमचा पत्ता तेच गाव होता. दुसरं काही लिहायचं मनातसुद्धा आलं नाही.

आमच्या पॅकिंग खात्यात परसराम नावाचा सिंधी कामगार होता. पिंपरीच्या निर्वासितांच्या कॅम्पात, लष्करानं सोडलेल्या लांब बराकीत, गोणपाटाच्या पडद्यांनी पाडलेल्या दोन खणांत त्याचा बायकापोरांसह संसार. फाळणीत तो बायकोला घेऊन आला, पण त्याचा बाप काही केल्या गाव सोडेना, म्हणून आईही मागं राहिली. पुढं बाप वारला. आता आईला आणायची, तर मधल्या काळात दोन्ही देशांत पासपोर्ट सुरू झालेले. आई आली ती पाकिस्तानच्या पासपोर्टवर, तीन महिन्यांच्या भेटीच्या व्हिशावर. म्हणजे येन्सन जसा परदेशी, तशीच परसरामची आई परदेशी. परसराम माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

‘‘दिघेभाऊ, तुमी साहेब लोकांचे कागज करता. माझ्या अमांचे करा ना. उसको वापस नहीं भेजना.’’

मॅनेजरसाहेबांनी ‘फावल्या वेळात कर’ म्हणून परवानगी दिली. मी कागद घेतले.

अमांचं नाव चेतीबाई. ठेंगणी, पांढरी ओढणी, एका डोळ्यात फूल पडलेलं. बराकीबाहेरच्या चुलीवर ती कांदा-मिरची घालून जाड पोळी भाजायची, तिला ते लोक कोकी म्हणतात. मी गेलो की कागदात गुंडाळून एक हातात द्यायची. मी म्हणायचो, हे तर आमचं थालीपीठच. ती मान हलवायची आणि म्हणायची, ‘‘नहीं बाबा, कोकी.’’ ह्या बाबतीत तिनं कधी माघार घेतली नाही.

मुदतवाढीचा पहिला अर्ज मी बराकीतच, एका पेटीवर कागद ठेवून भरला. नाव, नवऱ्याचं नाव, वय. वय तिला माहीत नव्हतं, ते अंदाजानं ठरवलं. मग तो रकाना आला.

‘‘अमां, कायमचा पत्ता? पक्का पत्ता?’’

‘‘यहीं,’’ ती म्हणाली. ‘‘जहाँ बेटा, वहाँ घर.’’

‘‘तसं नसतं अमां. पक्का म्हणजे मूळ गाव. आमचं गाव पाण्याखाली गेलंय, तरी मी तेच लिहितो.’’

परसरामनं तिला ते सिंधीत समजावलं. ती आपल्या चांगल्या डोळ्यानं माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘पानी के नीचे डाकिया जाता है?’’

आम्ही तिघंही हसलो. हसतहसत मी लिहिलं. सिंधमधलं गाव, तालुका, जिल्हा, पाकिस्तान. तीन प्रतींत, ठसठशीत. अर्जाच्या तळाला छापलेली ओळ होती: ‘वरील मजकूर अर्जदाराने सांगितल्याप्रमाणे लिहिला व वाचून दाखवला.’ तिच्याखाली मी सही केली. अमांनी अंगठा उठवला आणि निळं बोट ओढणीला पुसलं.

मुदत वाढली. सहा महिन्यांनी दुसरा अर्ज केला, पुन्हा वाढली. दुसऱ्या वेळी मी तिला काही विचारलंसुद्धा नाही. पहिल्या अर्जाची नक्कल समोर ठेवून उतरवून काढला आणि अंगठा घेतला.

पोलिसांतर्फे पत्त्याची खातरजमा करायला भालेकर हवालदार सायकलवरून यायचे. माणूस तळवड्याचा, घरची शेती, खाकीतला शेतकरीच. तळवड्याला तेव्हा नुसती ज्वारी होती. ते अमांच्या चुलीशी उकिडवे बसून कोकी खायचे आणि मग वहीत लिहायचे, ‘बाई जागेवर हजर.’ दुसरी मुदत संपत आली तेव्हा त्यांनी मला कॅम्पाच्या फाटकाशी गाठलं.

‘‘दिघे, आता पुढं काय?’’

‘‘आता कायम वास्तव्याचा अर्ज. एकदाचा निकाल लागून जाईल.’’

‘‘राव, कशापायी? म्हातारी हितं हाय, खाऊनपिऊन सुखी हाय. ह्या कॅम्पात कोन कुनाची आय मोजतंय? वरचं सायेब म्हातारीला बगाय येत न्हाईत. अर्ज ग्येला का नदर पडती. हात दाखवून अवलक्षान कशाला?’’

‘‘हवालदार, तुम्ही पोलीस असून असं सांगता?’’

‘‘पोलीस हाय म्हून तर सांगतोय.’’

मी त्यांना कायद्याचं प्रवचन दिलं. बेकायदा राहणं म्हणजे डोक्यावर टांगती तलवार, उद्या कुणी तक्रार केली तर परसरामची नोकरी जाईल, वगैरे. ते खोटं नव्हतं. पण खरं कारण हे, की माझा अर्ज नामंजूर होईल असं मला वाटतच नव्हतं. माझे अर्ज नामंजूर होत नसत.

परसरामही बिचकत होता. ‘‘भाऊ, हवालदार बोलतो, चूप बैठो.’’

‘‘हवालदाराला कागदातलं काय कळतं? माझ्यावर विश्वास आहे ना?’’

‘‘तुमच्यावर आहे,’’ तो म्हणाला.

अर्जाला पुष्टी हवी, म्हणून अमांचं इथल्या बँकेत खातं उघडावं, म्हणजे बाई इथं रुजली असं दिसेल, ही कल्पना माझीच. पुण्याला तिला घेऊन गेलो. येन्सनच्या वेळचेच एजंट होते. येन्सनला त्यांनी खुर्ची दिली होती, चहा मागवला होता. अमां दारातल्या बाकावर बसली. एजंट म्हणाले, ‘‘परदेशी नागरिक. कायम वास्तव्याचा परवाना आणा, खातं उघडतो.’’ परवान्याच्या कचेरीत गेलो तर तिथले म्हणाले, ‘‘इथं व्यवहार आहे, पासबुक आहे, असं काही दाखवा, परवान्याचं बघतो.’’ ह्या दोन इमारतींमध्ये मी त्या म्हातारीला चार वेळा चालवलं. चौथ्या खेपेला ती वाटेत एका ओट्यावर बसली आणि म्हणाली, ‘‘बाबा, तू थक गया होगा.’’

अर्ज पासबुकाशिवायच गेला. दोन महिन्यांनी उत्तर आलं. इंग्रजीत, कारखान्याच्या पत्त्यावर, माझ्या नावानं. अर्जदार भेटीच्या व्हिशावर आलेली आहे. तिनं स्वतःच दोन वेळा आपला कायमचा पत्ता पाकिस्तानातला असल्याचं लिहून दिलं आहे. सबब तिचं कायमचं घर तिकडे असून ती इथं पाहुणी आहे. तिनं ठरल्या मुदतीत परत जावं, आणि कायम राहायचं असल्यास तिकडून रीतसर त्या कारणाचा व्हिसा घेऊन यावं.

मी ते तीनदा वाचलं. पहिल्या दोन वेळा मला राग आला होता. तिसऱ्या वेळी माझं अक्षर डोळ्यांसमोर आलं.

ह्यावर एक उपाय होता आणि तो मला त्याच दिवशी कळला होता. प्रतिज्ञापत्र करायचं: बाईनं ‘पिंपरी’ सांगितलं होतं, मी माझ्या समजुतीनं गाव लिहिलं, चूक माझी. मी तसा मसुदा टाइपदेखील केला. पण मग तळातली ती ओळ. ‘सांगितल्याप्रमाणे लिहिला व वाचून दाखवला.’ त्याखाली माझी सही, दोन अर्जांवर. म्हणजे सरकारी कागदावर मी दोनदा खोटं प्रमाणित केलं होतं. नोकरी जाईल, कदाचित खटलाही होईल. घरात दोन लहान मुली, कारखान्याचं क्वार्टर. मसुदा मी खणात ठेवला, दुसऱ्या दिवशी काढला, पुन्हा ठेवला. चौथ्या दिवशी फाडला. मी घाबरलो. ह्याला दुसरं कारण शोधायचा मी पुढं पुष्कळ प्रयत्न केला, पण दुसरं कारण नाही.

परसरामला इंग्रजी येत नव्हतं. तो पत्राकडे बघत म्हणाला, ‘‘काय लिहिलंय?’’

‘‘नियमात बसत नाही म्हणतात. तिकडे जाऊन नीट व्हिसा घेऊन यायचं. रीतसर. मग कायमची मोकळी.’’

‘‘क्यूँ नहीं बसता?’’

‘‘तांत्रिक आहे रे,’’ मी म्हटलं. कारकुनाला जेव्हा खरं सांगायचं नसतं तेव्हा तो हा शब्द वापरतो.

हवालदार आले ते सायकलवरून उतरलेच नाहीत. एक पाय जमिनीवर टेकवून म्हणाले, ‘‘आता माज्या वहीत बाई जागेवर न्हाई असं ल्ह्यावं लागंल.’’ आणि गेले.

मारवाडातून सिंधला जाणाऱ्या गाडीसाठी आधी अहमदाबाद गाठायचं होतं. पुणे स्टेशनवर पोचवायला मीही गेलो. तिच्या कागदांची पिशवी मीच लावून दिली होती, पासपोर्ट वर, बाकीचे क्रमानं. अमांनी मला कोकी दिली आणि विचारलं, ‘‘कितने दिन?’’

‘‘दोन महिने, अमां. फार तर तीन.’’

तिनं बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं. काय मोजलं ते मला कळलं नाही. नातवंडांना तिनं जवळ घेतलं, पण रडली नाही, कारण ती परत येणार होती.

तिकडेच राहिलेल्या तिच्या दिराची पत्रं सिंधीत यायची, परसराम ती मला जेवणाच्या सुट्टीत वाचून दाखवायचा. अमां कराचीला गेली. धर्मशाळेत उतरली. व्हिशाच्या रांगेत उभी राहिली. मुलाचं पत्र आणा म्हणाले. मी पत्र करून पाठवलं. त्यावर मॅजिस्ट्रेटचा शिक्का हवा म्हणाले. शिक्का घेऊन पाठवलं. तोवर पासपोर्टाची मुदत संपत आली, तो नवा करायला टाकला. नवा पासपोर्ट आला, तर जुन्या पासपोर्टच्या आकड्यानं केलेला अर्ज बाद. पुन्हा पहिल्यापासून. तीनाचे सहा महिने झाले, सहाचे नऊ. ह्या काळात मी जितके सुरेख कागद केले तितके उभ्या आयुष्यात केले नसतील. सगळे वेळेवर, सगळे बिनचूक. एक करायचा होता तो सोडून.

दहाव्या महिन्यात परसराम दोन दिवस कामावर आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो डोकं भादरून. त्यानं टेबलावर एक लिफाफा ठेवला. अमां धर्मशाळेत तापानं आजारी पडली, तिला तिथल्या सरकारी दवाखान्यात नेलं, आणि आठवड्यात ती गेली. दिरानं दवाखान्यातून भरतीच्या कागदाची नक्कल मागून पाठवली होती. कागद इंग्रजीत होता.

‘‘दिघेभाऊ, वाचा. सगळं वाचा. अमांचा शेवटचा कागज आहे.’’

मी वाचू लागलो. तिथल्या कुणा कारकुनानं घाईघाईत लिहिलेला, अक्षर वेडंवाकडं, दोन ठिकाणी खोडलेलं. असा कागद मी माझ्या टेबलावरून जाऊ दिला नसता. नाव, चेतीबाई. नवऱ्याचं नाव, मयत. वय, माहीत नाही. हल्लीचा पत्ता, धर्मशाळा. आणि पुढच्या ओळीवर मी थांबलो.

‘‘पुढं?’’ परसराम म्हणाला. त्यानं बोट ठेवलं. ‘‘ह्या लाइनीत काय आहे?’’

मी कागद बाजूला सारायला गेलो. पण तो बोट काढीना.

‘‘कायमचा पत्ता,’’ मी वाचलं. ‘‘बराक नंबर अकरा, निर्वासित कॅम्प, पिंपरी, पुणे, हिंदुस्थान.’’

परसरामचं बोट त्या ओळीवरच राहिलं. पॅकिंग खात्यात खोके ठोकल्याचे आवाज येत होते. मला वाटलं, आता ह्याला सगळं कळलं, आता हा विचारेल, आणि विचारलं तर मी सांगून टाकीन. खरंच सांगितलं असतं. निदान आज तरी मला तसं वाटतं.

त्यानं धूळ पुसावी तसा तळहात त्या ओळीवरून हळूच फिरवला.

‘‘बराबर लिखा है,’’ तो म्हणाला. ‘‘कोण होता माहीत नाही, पण कारकून चांगला होता, भाऊ. अमांना विचारून लिहिलं त्यानं.’’

मी कागदाची घडी केली आणि त्याच्या हातात दिली.